रक्त पातळ ठेवणारी गोळी गावात राहून कशी सांभाळाल?

हृदयाची झडप बदलायची शस्त्रक्रिया हैदराबादला होते, नाहीतर नागपूरला. पेशंट मात्र परत येतो बेल्याला, जैनथला, तांसीला, नाहीतर नारनूरकडच्या एखाद्या तांड्यावर. आदिलाबादहून हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ४४ ने सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर २०० च्या आसपास. टाके सुकतात, सुट्टी होते आणि सोबत एक गोळी येते, ती आयुष्यभराची. ती लिहून देणारे डॉक्टर वर्षातून तीन-चारदा भेटणार. उरलेले सगळे दिवस ती गोळी पेशंटच्या आणि घरच्यांच्या हाती.

हा लेख त्या उरलेल्या दिवसांसाठी आहे. या गोळीचं निम्मं काम दवाखान्याचं नाहीच, ते तुमचं आहे. आणि शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं असलं तरी ते जमण्यासारखं आहे. त्यासाठी डोस स्वतः ठरवावा लागत नाही. नोंद ठेवणं, बदल ओळखणं आणि वेळेत फोन करणं, एवढं यायला हवं.

आधी पट्टी ओळखा

आपल्याकडे चार-पाच वेगवेगळ्या औषधांना सरसकट ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात आणि तिथून घोळ सुरू होतो. अ‍ॅस्पिरिन (इकोस्प्रिन) आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या हार्ट अटॅकनंतर किंवा स्टेंट टाकल्यावर देतात. त्या रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत. त्यांच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासावा लागत नाही. असेनोकुमेरॉल (असिट्रोम) आणि वॉरफेरिन (वॉर्फ) यांचं काम निराळं आहे. यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक बनवतं. या गोळ्या त्या कामात अडथळा आणतात. रक्त पाण्यासारखं होत नाही, गोठायला वेळ जास्त घेतं. पुढचं सगळं या दोन गोळ्यांबद्दल आहे. त्या एकमेकींच्या जागी मात्र घेता येत नाहीत: २ मिलीग्रॅम असिट्रोम म्हणजे २ मिलीग्रॅम वॉर्फ नव्हे.

तिसरा गट नव्या गोळ्यांचा, म्हणजे डबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांचा. ‘आता बिनतपासणीची गोळी निघाली आहे, तीच घे’ असं शहरातले नातेवाईक सांगतात. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना, किंवा झडपेचा आजार नसताना हृदयाची लय बिघडलेल्यांना ती चालते, पुष्कळदा सोयीचीही पडते. पण छातीत टिकटिक वाजणारी यांत्रिक झडप असेल तर ती तुमच्यासाठी नाही. अशा पेशंटना डबिगाट्रान देऊन पाहणारा अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसरा अभ्यास आपल्याला त्याहून जवळचा आहे. लहानपणी घसा दुखून आलेला, सांधे सुजवून गेलेला ऱ्हुमॅटिक ताप पुढे झडप खराब करतो, आणि गरीब वस्त्यांमध्ये झडपेच्या आजाराचं मोठं कारण तेच आहे. अशी झडप असलेल्या आणि हृदयाची लय बिघडलेल्या साडेचार हजारांवर पेशंटचा इन्व्हिक्टस हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातले पेशंटही होते. रिव्हारोक्साबान घेणाऱ्यांपेक्षा जुन्या पद्धतीची गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. तेव्हा जुनी, स्वस्त, वरचेवर तपासणी मागणारी गोळी मिळाली म्हणजे गरीब म्हणून कमी दर्जाचं औषध दिलं, असं मनात आणू नका. भारतात बनणारी टीटीके चित्रा झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली. तिलाही हीच गोळी लागते.

आणखी एक भीती गावोगाव फिरते: हे उंदराचं औषध आहे. ते खरं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडका चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातला पदार्थ शोधून काढला. त्यातूनच पुढे वॉरफेरिन तयार झालं, १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं. औषध तेच, मात्रा आणि तपासणी यांनी सगळा फरक पडतो. ही अफवा ऐकून ज्यांनी गोळी सोडली त्यांच्या झडपेवर गुठळी बसू शकते, आणि ती जीव घेते.

आयएनआरचा आकडा तुमचा आहे

निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. या गोळीवर तो बहुतेकांना २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. डाव्या बाजूची मायट्रल झडप यांत्रिक असेल तर सहसा २.५ ते ३.५. तुमचा पट्टा कोणता, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पट्ट्याच्या खाली गेलात तर गुठळीचा धोका, ४.५-५ च्या वर गेलात तर रक्तस्रावाचा. तेलुगू, मराठी, इंग्रजी यांत चुकामूक होऊ शकते, पण २.७ हा आकडा तिन्ही भाषांत २.७ च असतो. रिपोर्टवर फक्त सेकंद छापले असतील तर आयएनआर मागून घ्या. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणूनच तो काढतात. तरीही शक्यतो एकच लॅब धरा. ही तपासणी निळ्या टोपणाच्या नळीत होते आणि रक्त नळीवरच्या रेघेपर्यंत भरावंच लागतं. कमी भरलं तर आकडा चुकतो. आकडा अचानक फारच वेगळा आला, आणि खाण्यात किंवा औषधात काही बदललेलं नसेल, तर डोस बदलण्याआधी तपासणी पुन्हा करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांच्या अंतराने, मग आठवड्याला, आकडा स्थिरावला की साधारण महिन्याने तपासणी करायची. डोस बदलला, नवं औषध सुरू झालं, जुलाब झाले, ताप आला, की महिना संपायची वाट न पाहता तीन ते सात दिवसांत तपासायचं. आदिलाबादच्या रिम्समध्ये, तुमच्या मंडलातल्या सरकारी दवाखान्यात किंवा खासगी लॅबमध्ये ही तपासणी कुठे, कोणत्या वारी आणि केवढ्याला होते, हे एकदाच नीट विचारून घ्या.

वही

शाळकरी मुलांची साधी रेघी वही आणा. प्रत्येक ओळीत तारीख, किती मिलीग्रॅम घेतलं, आणि तपासणी झाली असेल तर आयएनआर. शेवटी थोडी जागा ‘वेगळं काय घडलं’ यासाठी.

‘एक गोळी घेतली’ असं लिहू नका, मिलीग्रॅम लिहा. आदिलाबादच्या दुकानात २ मिलीग्रॅमची पट्टी संपलेली असते, दुकानदार १ ची किंवा ४ ची देतो, आणि घरी सवयीने ‘एक गोळी’ घेतली जाते. डोस गुपचूप अर्धा किंवा दुप्पट होतो. म्हणून पट्टी बदलली की दुकानातच, पैसे देण्याआधी, तिच्यावरचा आकडा मोठ्याने वाचा. कंपनी बदलली असेल तर तेही वहीत लिहा आणि पुढची तपासणी लवकर करा.

आठवड्याची बेरीज करायला शिका. समजा सोमवार ते शनिवार २ मिलीग्रॅम आणि रविवारी ३, तर आठवड्याचे १५. आकडा थोडा खाली-वर झाला तर डॉक्टर सहसा या बेरजेत ५ ते २० टक्के बदल करतात. १५ चे फार तर १८ किंवा १२. म्हणजे आठवड्यातल्या एक ते तीन दिवशी एकेक मिलीग्रॅम जास्त-कमी. बदल एवढा लहान असतो, हे कळलं की ‘आकडा कमी आला, म्हणून आजपासून दोन-दोन गोळ्या’ हा प्रकार किती घातक आहे हेही कळतं. शिवाय गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला दिवस जातात. आज वाढवलेला डोस उद्याच्या आकड्यात दिसत नाही. उतावीळपणे आणखी वाढवला तर आठवड्याने आकडा ६ वर जातो.

गोळी संध्याकाळी घ्या, दिवा लावायच्या वेळी किंवा जेवताना, पण रोज त्याच वेळी. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, डॉक्टरांनी फोनवर बदल सांगितला, तर तो त्याच संध्याकाळी करता येतो. विसरलात आणि झोपायच्या आत आठवलं तर तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती गेली. वहीत फुली मारा आणि त्या दिवसाचीच गोळी घ्या. दोन दिवसांची एकत्र घेऊ नका. सलग दोन दिवस चुकले तर फोन करा.

पावसाळ्यात नाले भरून उटनूर, नारनूरकडची वाट बंद होते. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात शिल्लक असू द्या. केसलापूरच्या नागोबाला, माहूरला, पंढरपूरला निघालात तर गोळ्या आणि वही अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. मोठी पिशवी गाडीत राहून जाते.

पालेभाजी सोडू नका

‘हिरवं खायचं नाही’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण डॉक्टरांनी डोस बसवलेला असतो तो तुमच्या रोजच्या जेवणावर. अडचण येते ती जेवण एकदम बदललं की. आपल्या भागात ते ऋतूप्रमाणे बदलतंच. पाऊस पडला की तरोटा, अंबाडी, माठ, चवळीचा पाला, शेवग्याचा पाला रोज ताटात. आकडा खाली सरकतो. एप्रिल-मेच्या उन्हात पाला मिळत नाही, भूकही मरते, माणूस ताकावर आणि वरण-भातावर राहतो; आकडा वर जातो. म्हणून मृगाच्या पावसानंतर आणि ऐन उन्हाळ्यात एकेक तपासणी जास्तीची करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वर्षभर आठवड्यातून दोन-तीनदा बेताची पालेभाजी हे सगळ्यांत चांगलं. श्रावणाचे, नवरात्राचे उपास करायचे तर आधी डॉक्टरांना सांगून करा. गव्हांकुराचा रस, पालकाचा रस, वजन कमी करायची पावडर, कुणी दिलेला काढा, यांतलं काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नका. फोडणीतला लसूण आणि हळद चालते. मोहाची दारू नको. एका रात्रीत जास्त पिणं आयएनआर चढवतं, आणि पिऊन पडल्यावर डोक्याला लागणं या पेशंटसाठी जिवावरचं असतं.

सुई घेण्याआधी

गावात ताप आला, कंबर धरली, की पहिला माणूस आरएमपी, म्हणजे गावातला बिनपदवीचा डॉक्टर. त्याचा हात लगेच सुईकडे जातो. गोळी चालू असताना कमरेत किंवा दंडात घेतलेल्या सुईने स्नायूत रक्त साकळतं, कधी कधी मांडी दगडासारखी होते. म्हणून आत शिरताच पहिलं वाक्य हे असू द्या: ‘मी रक्त पातळ करायची गोळी घेतो, मला सुई नको.’ तेलुगूत सांगायची वेळ आली तर पट्टीच समोर धरा. एक अपवाद आहे. ऱ्हुमॅटिक तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घेणाऱ्यांनी ती आपणहून बंद करू नये. आयएनआर पट्ट्यात आहे हे पाहून, बारीक सुईने, नंतर बराच वेळ जागा दाबून धरून ती द्यायची, याबद्दल हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

दुखण्यावरच्या गोळ्यांमध्ये डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम यांपासून लांब राहा. पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित आहे, पण तेही बरेच दिवस रोज घेतलं तर आकडा चढतो. अँटिबायोटिकमध्ये मेट्रोनिडाझोल (जुलाबांवर सर्रास देतात ती), को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल आयएनआर झपाट्याने वाढवतात. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट करतं: आकडा इतका पाडतं की डोस पुष्कळ वाढवावा लागतो, आणि टीबीची औषधं थांबली की पुन्हा उतरवावा लागतो. टीबी आणि झडप दोन्ही असतील तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका. आकडा पट्ट्यात असेल तर साधा दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढता येतो.

कपाशीच्या शेतात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाही, आणि विष चढलं का हे पाहायला दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांनी ते गोठलं का ते बघतात. तुमच्या गोळीमुळे त्या निष्कर्षात गोंधळ होऊ शकतो. साप चावला तर पोहोचताक्षणी गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर सांगा. तुम्ही शुद्धीवर नसाल तर सोबतच्याला हे माहीत हवं, म्हणून वहीचं पहिलं पान घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा: नाव, झडप कोणती, गोळी कोणती, पट्टा किती, डॉक्टरांचा नंबर.

स्वतः डोस बदलता येतो का?

जर्मनीत १९८० च्या दशकापासून पेशंट घरीच बोटाच्या थेंबावर यंत्राने आयएनआर पाहतात आणि शिकवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे डोसही बदलतात. अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला आहे. त्यात गुठळीच्या घटना ठळकपणे कमी आढळल्या आणि मोठा रक्तस्राव वाढला नाही. म्हणजे सामान्य माणसाला हे जमतं, यात शंका राहिलेली नाही. पण ते लोक आधी प्रशिक्षण घेतात आणि त्यांचं यंत्र वेळोवेळी लॅबशी ताडून पाहिलं जातं. आपल्याकडे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या बहुतेकांना परवडत नाहीत. ज्यांना परवडतात त्यांनी ते जरूर घ्यावं, डॉक्टरांकडून तक्ता लिहून घ्यावा आणि त्याबाहेर जाऊ नये. बाकीच्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: तपासणी आणि नोंद तुमची, डोस डॉक्टरांचा, मध्ये फोन. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर हैदराबादचे डॉक्टरही दोन मिनिटांत सांगू शकतात. सुट्टी होतानाच ‘फोटो कुणाला पाठवू?’ हे विचारून नंबर घ्या. आकडा ५ च्या वर आला तर संध्याकाळच्या गोळीआधी फोन झालाच पाहिजे. नाही लागला तर रिम्स गाठा. यांत्रिक झडप असताना उतारा म्हणून व्हिटॅमिन केची सुई आरएमपीकडून कधीही घेऊ नका, झडप अडकू शकते.

बायकांसाठी

ऱ्हुमॅटिक आजाराने झडप बदललेल्या पुष्कळ मुली विशी-तिशीत असतात. सासरी हे लपवून ठेवलं जातं आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी गर्भाला इजा करू शकते. उलट गोळी एकदम थांबवली तर आईच्या झडपेवर गुठळी होते. म्हणून मूल हवं असेल तर आधी हृदयाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. ठरवलेलं नसताना पाळी चुकली तर तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात तपासून दवाखान्यात जा, आणि तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पाळीत नेहमीपेक्षा जास्त जात असेल तर आयएनआर आणि हिमोग्लोबिन दोन्ही पाहा. हे सासूबाईंना आणि नवऱ्यालाही वाचून दाखवा.

ताबडतोब निघायचं कधी

डोक्याला मार लागला तर, बरं वाटत असलं तरी. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण इथे अंदाज बांधत बसू नका), लाल लघवी, पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त, आजवर कधी न झालेली डोकेदुखी. हे रक्तस्रावाचं झालं. गुठळीचं असं: तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक दम लागणं, झडपेची टिकटिक मंद होणं किंवा बंद पडणं. १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून घ्या. लकव्यावरची गुठळी विरघळवणारी सुई पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि द्यायची की नाही हे तुमच्या आयएनआरवर ठरतं. मोटारसायकलवर हेल्मेट घाला, मागे बसलात तरी.

खर्चाबद्दल थोडं. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून १० लाख रुपये आहे. शस्त्रक्रिया त्यातून झाली असेल तर पुढच्या तपासण्या आणि औषधांपैकी काय मिळतं, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. पेनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात, उपचार घेणार असाल तर तिथली योजना तिथल्या रेशनकार्डावर चालते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आज संध्याकाळी पट्टी हातात घ्या, तिच्यावरचे मिलीग्रॅम वाचा आणि शेवटचा आयएनआर कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. महिना उलटून गेला असेल तर उद्या सकाळीच तपासणीला जा.